सूरह यूसुफ मराठीतून शिकवताना: सबुरी म्हणजे गप्प बसणं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: वडोदऱ्यातली काही मराठी बोलणारी मुस्लिम कुटुंबं रमजानमध्ये मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी सूरह यूसुफचा, म्हणजे कुरआनातल्या हजरत यूसुफ यांच्या गोष्टीच्या अध्यायाचा, दर्स (धार्मिक पाठ) मराठीतून ठेवणार आहेत. मुलं शाळेत गुजराती शिकतात, मक्तबमध्ये उर्दू आणि घरी मराठी. दर वर्षी दर्स संपतो तेव्हा "हजरत यूसुफसारखा सब्र करा" एवढंच पदरात पडतं. त्याच्या पुढे काय सांगायचं, आणि कसं?

सुरुवात या 'सब्र' शब्दापासूनच करा, कारण घोटाळा तिथेच होतो. आपली 'सबुरी' सब्रवरूनच आलेली. पण सबुरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मान खाली घालून सोसणारा माणूस येतो. घरातला मोठा धाकट्याला, सासर सुनेला, मालक कामगाराला "जरा सबुरीनं घ्या" म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ "तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन कर" एवढाच असतो. सूरह यूसुफ शब्दाशब्दाने वाचली तर हजरत यूसुफ (अलैहिस्सलाम) असे कुठेच दिसत नाहीत. खोटा आळ आला तेव्हा ते बोलले. तुरुंगात बोलले. सुटकेचं बोलावणं आलं तेव्हा अट घातली. दरबारात पद मागितलं. आणि गप्प कधी राहिले? सत्ता हातात आली आणि भावांनी तोंडावर त्यांनाच चोर म्हटलं तेव्हा. हाती काही नसताना बोलणं आणि हाती सगळं असताना जीभ आवरणं, हा या सूरहचा कणा आहे. आपण नेमकं उलटं करतो. हा एक धागा हातात ठेवलात तर प्रत्येक बैठकीचा धडा आपोआप सापडतो.

सूरहमध्ये १११ आयती आहेत. एका दमात सांगायला गेलात तर विहीर आणि स्वप्न यांच्या पलीकडे मुलांच्या लक्षात काही राहत नाही. सात बैठका करा: १ ते २०, २१ ते ३५, ३६ ते ४२, ४३ ते ५७, ५८ ते ७९, ८० ते ९३ आणि ९४ ते १११. तिसरी बैठक फक्त सात आयतींची आहे, ती तशीच छोटी ठेवा. तुरुंगातलं संभाषण घाईने उरकण्यासारखं नाही. बैठक ४० मिनिटांच्या वर नेऊ नका, आणि रात्रीच्या तरावीहच्या नमाजनंतर ठेवू नका, मुलं पेंगतात. असर आणि इफ्तारच्या मधली वेळ बरी. आधी तिलावत (अरबी पठण), मग मराठी अर्थ सलग, मग फक्त दोन किंवा तीन शब्दांवर बोलणं. सगळ्या आयतींवर बोलायचा मोह आवरा.

एक खड्डा आधीच सांगून ठेवतो. तेरावा पारा (कुरआनाच्या तीस भागांपैकी तेरावा) या सूरहच्या मध्येच, ५३ व्या आयतीपासून सुरू होतो: "मी माझ्या नफ्सला (मनाला) निर्दोष म्हणत नाही." रमजानमध्ये रोज एक पारा वाचणारा माणूस इथे पान उलटतो आणि हे वाक्य कोणाचं, हेच विसरतो. मुफस्सिरांमध्ये (कुरआनाच्या भाष्यकारांमध्ये) इथे दोन मतं आहेत. काहींच्या मते हे हजरत यूसुफ बोलतात. इब्ने कसीर यांनी मात्र हे अजीजच्या (हजरत यूसुफ ज्याच्या घरी राहिले त्या अधिकाऱ्याच्या) पत्नीच्या कबुलीचंच पुढचं वाक्य मानलंय. मला दुसरं मत संदर्भाला जवळचं वाटतं, कारण ५१ व्या आयतीत बोलणं तिचंच चाललेलं आहे आणि त्या वेळी हजरत यूसुफ दरबारात आलेलेही नाहीत. तुम्ही दोन्ही मतं सांगा, आपलं कोणतं तेही सांगा.

आता पहिली बैठक. भाऊबंदकी या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे लोक इथे लगेच गुंततात आणि चर्चा "कोणाच्या भावाने काय केलं" यावर घसरते. ती घसरू देऊ नका. तीन जागा पकडा. पाचव्या आयतीत हजरत याकूब मुलाला सांगतात, हे स्वप्न भावांना सांगू नकोस. आणि कारण देताना भावांना दुष्ट म्हणत नाहीत, "शैतान माणसाचा उघड शत्रू आहे" म्हणतात. घरातल्या एकाला दुसऱ्यापासून सावध करतानाही त्याच्याबद्दल मनात विष कालवायचं नाही, हे आईवडिलांसाठी. नोकरी ठरली, सोयरीक जुळत आली, घराचा सौदा व्हायचाय, की लगेच स्टेटसवर टाकणाऱ्यांनाही ही आयत ऐकवा. दुसरी जागा नववी आयत: "यूसुफला मारून टाका किंवा कुठेतरी नेऊन टाका, आणि त्यानंतर नेक लोक होऊन राहा." गुन्ह्याचा बेत आखतानाच तौबाची तारीख ठरवलेली आहे. "एवढं एकदा होऊ दे, मग उमरा करून येऊ" हे त्याचंच आजचं रूप. इथे थांबा, लोकांना जरा अवघडू द्या.

तिसरी जागा अठरावी आयत, "फ सब्रुन जमील". मुलगे रडत आले, खमिसावर खोटं रक्त लावून आणलं. हजरत याकूब आधी काय म्हणतात? "तुमच्या मनाने ही गोष्ट रचली आहे." म्हणजे त्यांनी खोटं गिळलं नाही, तोंडावर सांगितलं, आणि मग सुंदर सब्राची गोष्ट केली. पुढे ८४ व्या आयतीत दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले आहेत, ८६ व्यात ते आपलं गाऱ्हाणं अल्लाहपुढे मांडतात, आणि ८७ व्यात मुलांना म्हणतात, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेबद्दल निराश होऊ नका. रडणं, गाऱ्हाणं, शोध, तिन्ही सब्राच्या आतच आहेत. मयतीच्या घरी रडणाऱ्या बाईला "सब्र कर" म्हणून गप्प करणाऱ्यांना या तीन आयती एकापाठोपाठ वाचून दाखवा. भावांनी वडिलांवर पक्षपाताचा ठपका ठेवला, तो मात्र भावांचा शब्द म्हणूनच सांगा; दर्स देणाऱ्याच्या तोंडून पैगंबराबद्दल तसा निकाल जाऊ नये. मुलांमध्ये बरोबरी ठेवण्याची शिकवण द्यायचीच तर त्यासाठी नुमान बिन बशीर यांची बुखारी-मुस्लिम या संग्रहांतली हदीस आहे, ती घ्या.

दुसरी बैठक सगळ्यात नाजूक, म्हणून लोक ती एकतर वगळतात नाहीतर चवीने सांगतात. दोन्ही चूक. बारा वर्षांच्या आतल्या मुलांना "मालकिणीने वाईट कामाला बोलावलं, ते नाही म्हणाले आणि दाराकडे पळाले" एवढं पुरे. मोठ्यांना २३ वी आयत नीट समजवा. दारं बंद आहेत, आणि 'दारं' हा शब्द अनेकवचनी आहे. तरी २५ व्या आयतीत ते दाराकडेच धावतात. दार बंद आहे हे माहीत असताना धावतात. मोबाइलवर नको ते समोर आल्यावर "माझं मन घट्ट आहे" म्हणत तिथेच बसून राहणाऱ्या मुलाला हे सांगायचं: आधी उठायचं. २३ व्या आयतीतच ते म्हणतात, त्याने मला चांगलं ठेवलं आहे. हे अल्लाहबद्दल आहे की घरधन्याबद्दल, अशी दोन्ही मतं आहेत. घरधनी धरला तर मराठीत यासाठी शब्द तयार आहेत: खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नसतात.

मग खमीस. अरबी मजकुरात शब्द 'कमीस' आहे, आणि आपण मराठीत खमीस म्हणतो, गुजरातीतही खमीस. मुलांना हा शब्द ओळखीचा निघाला की त्यांचे कान टवकारतात. एक जुना, विरलेला कुर्ता आणा. एका मुलाला घालायला द्या, दाराकडे पळायला सांगा आणि दुसऱ्याला मागून धरू द्या. कापड पाठीवर, शिवणीजवळ टरकतं. मग समोरासमोर उभं करून झोंबाझोंबी करायला लावा. ताण पुढे, गळ्याच्या पट्टीवर येतो. आता २६ ते २८ या आयती वाचा. घरातल्याच साक्षीदाराने सांगितलेली कसोटी मुलांच्या बोटांना कळलेली असते. शिकवायचं हे, की आरोप झाला तर पुरावा बघायचा. आणि हजरत यूसुफ इथे गप्प नाहीत. तिने आळ घेताच ते स्पष्ट म्हणतात, "तिनेच मला फूस लावली." स्वतःहून बोभाटा केला नाही, पण आरोप आल्यावर गिळूनही बसले नाहीत. खमीस पूर्ण सूरहमध्ये तीन प्रसंगांत येतो: १८ व्या आयतीत खोट्या रक्ताचा, इथे फाटलेला, आणि ९३ व्यात वडिलांच्या चेहऱ्यावर टाकण्यासाठी पाठवलेला. सातव्या बैठकीपर्यंत तो कुर्ता जपून ठेवा.

२८ व्या आयतीतलं "तुमचा डाव फार मोठा असतो" हे वाक्य उचलून सगळ्या बायकांवर झोड उठवणारे भेटतील. ते वाक्य त्या प्रसंगात एका माणसाच्या तोंडी आहे. हाच 'कैद' शब्द पाचव्या आयतीत भावांच्या डावासाठी आलाय, आणि ७६ व्यात तर अल्लाहने केलेल्या योजनेसाठी. मराठी अक्षरांत डाव या अर्थाचा 'कैद' आणि बंदिवास या अर्थाची 'कैद' सारखीच दिसतात, म्हणून फळ्यावर लिहिताना अर्थ शेजारी लिहा, नाहीतर पुढच्या तुरुंगाच्या बैठकीत मुलांचा गोंधळ होतो. मुलींना ही सूरह शिकवू नये असंही काही घरांत म्हणतात. कुरआनात असं कुठेही नाही. शिकवा.

तुरुंगात दोघं कैदी स्वप्नाचा अर्थ विचारतात. हजरत यूसुफ आधी तौहीद (अल्लाह एकच आहे हे) सांगतात, पण त्यांचा प्रश्न टोलवत नाहीत, लगेच उत्तर देतात. सुटणाऱ्याला म्हणतात, तुझ्या मालकाकडे माझा उल्लेख कर. इथे काही वक्ते "त्यांनी माणसाकडे मदत मागितली म्हणून तुरुंग वाढला" असं ठोकून देतात. "शैतानाने त्याला विसरायला लावलं" यातला 'तो' म्हणजे सुटलेला साथीदार, असंही मत आहे आणि ४५ व्या आयतीत "त्याला पुष्कळ काळाने आठवलं" असं आल्यामुळे ते बळकट होतं. वकील करणं, अर्ज देणं, ओळखीच्या माणसाला सांगणं हे तवक्कुलच्या, म्हणजे अल्लाहवरच्या भरवशाच्या, विरुद्ध नाही, हे तरुणांना इथेच सांगा.

चौथ्या बैठकीला मात्र पुरेसा वेळ राखून ठेवा. राजाला सात जाड गाई आणि सात वाळक्या गाई दिसल्या, सात हिरवी कणसं आणि सात सुकी. (राजाला इथे कुरआन 'मलिक' म्हणतं, फिरऔन हा शब्द हजरत मूसांच्या गोष्टीतला, इथे वापरू नका.) ४७ व्या आयतीतलं उत्तर शेतकऱ्याच्या भाषेत आहे: सात वर्षं नेटाने पेरा, जे कापाल ते कणसातच राहू द्या, खाण्यापुरतं थोडं काढा. कणसातच का? मुलांना कणीस दाखवा. बाजरीचं मिळालं तर उत्तम, गुजरातीत त्याला डूंडूं म्हणतात. दाणा तुसात असतो तोवर कीड सहज पोचत नाही आणि मळणीची इजाही त्याला नसते, म्हणून तो बियाणं म्हणूनही उपयोगी राहतो. साळ कणगीत टिकते आणि कांडलेल्या तांदळाला लवकर टोके लागतात, तीच गोष्ट. म्हणून तर शेतकरी बियाण्याची कणसं आढ्याला टांगून ठेवतो. हाथीखान्याच्या धान्यबाजारातून वर्षाचे गहू आणून, निवडून, एरंडेलाचा हात लावून पिंपात भरणाऱ्या वडोदऱ्याच्या बायकांना ही आयत समजायला कोणाची गरज नाही. त्यांनाच बोलतं करा.

पुढची आयत म्हणते की दुष्काळाची सात वर्षं साठलेलं खातील, "थोडं सोडून, जे तुम्ही जपून ठेवाल." दुष्काळातही बियाणं खायचं नाही. याचं गणित फळ्यावर मांडा: सात महिने २५,००० रुपये येणार आणि पुढचे सात महिने काहीच नाही, तर महिन्याला १२,५०० खर्चले तरी चौदाव्या महिन्याअखेर हात रिकामा. बियाण्यापुरतं, म्हणजे धंद्याचं भांडवल, रिक्षाची दुरुस्ती, मुलाची फी, यासाठी काही उरवायचं तर १२,५०० च्या खालीच राहावं लागेल. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं, तो पूर इथल्या प्रत्येकाला आठवतो. घरात कागदपत्रं जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हा प्रश्न दर्समध्येच विचारा, ही आयत त्यासाठीच आहे. बचत आणि साठेबाजी यांतला फरकही इथेच सांगून टाका. भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणाऱ्याला मुस्लिम शरीफच्या हदीसमध्ये गुन्हेगार म्हटलंय. हजरत यूसुफच्या कोठारातून मात्र माणशी एका उंटाचं ओझं मोजून मिळत होतं, म्हणून तर भाऊ ६५ व्या आयतीत म्हणतात की धाकट्याला नेलं की आणखी एक ओझं मिळेल. निसाबाच्या (जकात लागण्याच्या किमान मर्यादेच्या) वर आणि वर्षभर राहिलेल्या बचतीवर अडीच टक्के जकात आहेच.

राजाच्या स्वप्नात चौदाच वर्षं होती. पाऊस पडेल, लोक रस गाळतील असं पंधरावं वर्ष ४९ व्या आयतीत हजरत यूसुफनी स्वतःहून सांगितलं. आणि हे सगळं सांगताना सुटकेची अट घातली नाही. ज्ञान देऊन टाकलं. अट घातली ती नंतर, राजाचं बोलावणं आल्यावर: "परत जा आणि विचार, ज्या बायकांनी हात कापून घेतले त्यांचं काय?" अजीजच्या पत्नीचं नाव काढलं नाही, पण कलंक घेऊन बाहेर यायलाही नकार दिला. बुखारीत हदीस आहे, नबी (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) म्हणाले की यूसुफ राहिले तितका काळ मी तुरुंगात असतो तर बोलावणाऱ्याचं बोलावणं स्वीकारलं असतं. खोट्या आरोपात सुटलेल्या माणसाला "सुटलास ना, आता जाऊ दे" म्हणण्याआधी ही आयत आठवावी.

५५ व्या आयतीवर एक प्रश्न हमखास येतो: पद मागू नये अशी हदीस आहे, मग हजरत यूसुफनी खजिना कसा मागितला? उलमांचं उत्तर असं, की लोकांचा जीव धोक्यात आहे आणि ते काम पेलणारा दुसरा कोणी नाही, अशा वेळी पुढे होणं ही लालसा नव्हे. त्यांनी दोनच गुण सांगितले, हफीज आणि अलीम: सांभाळणारा आणि जाणणारा. मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला सांगा, आपलं कौशल्य नेमक्या शब्दांत सांगणं म्हणजे गर्व नव्हे. आणि मशिदीच्या वर्गणीचा हिशोब ठेवणाऱ्याला सांगा, नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, हिशोब यायला लागतो.

आता पाचवी आणि सहावी बैठक. ७७ व्या आयतीत भाऊ म्हणतात, याने चोरी केली असेल तर याच्या एका भावानेही पूर्वी केली होती. समोर बसलेला तोच भाऊ मिसरचा (इजिप्तचा) अधिकारी आहे. एक इशारा केला असता तर संपलं होतं. "यूसुफने ते मनातच ठेवलं." या वाक्यावर पूर्ण एक मिनिट शांत बसा.

त्यानंतर माफी. इथे सगळ्यात जास्त चुकीचं शिकवलं जातं. "आज तुमच्यावर काही ठपका नाही" ही ९२ वी आयत आहे. तिच्या आधी ९१ वी आहे, ज्यात भाऊ कबूल करतात की आम्ही चुकलो. त्याच्याही आधी पारख झालेली आहे: ७८ व्यात ते धाकट्याच्या जागी स्वतःपैकी एकाला ठेवून घ्या म्हणतात, ८० व्यात मोठा भाऊ वडिलांच्या परवानगीशिवाय तिथून हलायला तयार नाही. पूर्वी भावाला विहिरीत टाकणारे आता भावासाठी अडून बसलेत. म्हणजे माफी डोळे मिटून दिलेली नाही. चूक करणाऱ्याने कबुली दिलेली नसताना सोसणाऱ्यालाच "यूसुफ हो" म्हणून दामटणं या सूरहमध्ये कुठेच बसत नाही.

याचा सगळ्यात कडू वापर वारशात होतो. अब्बा गेले की बहिणींना हजरत यूसुफची माफी ऐकवून हक्कसोडपत्रावर, गुजरातीत म्हणतात त्या 'हक्क कमी'वर, सह्या घेतल्या जातात. हिस्सा सूरह निसाच्या ११ व्या आणि १२ व्या आयतीत ठरलेला आहे. कर्ज आणि वसीयत फेडल्यावर समजा पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहेत. मालमत्तेचे ४० भाग करा: पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ५, उरलेल्या ३५ पैकी प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. आधी तिचे ७ भाग तिच्या नावावर करा. मग तिला वाटलं तर ती देईल. ताबा न देता, नातं तुटण्याची भीती घालून घेतलेली सही ही माफी नाही. दर्सला भाऊ आणि बहीण दोघं बसलेले असतात, म्हणून हे मोघम बोलू नका, आकडे सांगा.

गोष्टीत कुरआनाबाहेरचं किती येऊ द्यायचं, हेही आधी ठरवा. जुलैखा हे नाव कुरआनात नाही, तिच्याशी लग्न नाही, धाकट्या भावाचं नावही नाही, रंगीबेरंगी अंगरखा नाही. या गोष्टी काव्यांतून आणि इस्राईली रिवायतींतून (ज्यू परंपरेतल्या कथांतून) आल्या. मुलांनी विचारलं तर "हे इतरत्र सांगतात, कुरआनात नाही" एवढंच म्हणा आणि पुढे जा. लग्नाच्या गोष्टीत शिरलात की चाळीस मिनिटं तिथेच संपतात.

शेवटच्या बैठकीत तो कुर्ता परत काढा आणि ९३ ते ९६ वाचा. मग शंभरावी आयत हळू वाचा. आईवडील, भाऊ सगळे समोर आहेत आणि हजरत यूसुफ अल्लाहचे उपकार मोजत आहेत: त्याने मला तुरुंगातून काढलं, तुम्हाला वाळवंटातून इथे आणलं, शैतानाने माझ्यात आणि माझ्या भावांत बिघाड केल्यानंतर. मुलांना विचारा, यात काय राहिलं? थोडा वेळ थांबा, उत्तर सांगू नका. कोणीतरी म्हणेलच: विहीर. तुरुंगाचा उल्लेख आहे, विहिरीचा नाही, कारण विहिरीत टाकणारे तिथेच उभे होते. त्यानंतर १०१ वी आयत, त्यांची दुआ, सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घ्या. इफ्तारला दहा मिनिटं राहिली असतील एवढा वेळ हातात ठेवून बैठक संपवा.